प्रशासन आंधळं नाही, उगाच त्याला सूट देऊ नका

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री निवांत वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या मुख्य चौकात एक फ्लेक्स लागलाय. "आंधळ्या प्रशासनाचा जाहीर निषेध." खाली नेहमीचे दहा-बारा फोटो. विषय आहे रस्त्यातल्या उघड्या चेंबरचा. निषेधाला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे, कारण त्या चेंबरपासून मी रोज जीव मुठीत धरून जातो. हरकत आहे ती पहिल्या शब्दाला. त्याच फ्लेक्सचा फोटो टाकून एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "टोटल ब्लाइंड अॅडमिनिस्ट्रेशन." त्यावर पन्नासेक अंगठे.

मंडळी, मी टोटल नाही, पण कायद्याच्या भाषेत ब्लाइंड आहे. तसं सरकारी प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. त्यामुळे या शब्दावर दोन गोष्टी बोलायचा हक्क मला आहे असं समजून वाचा.

सगळ्यात आधी एक खुलासा. "आमच्या भावना दुखावल्या, शब्द मागे घ्या" छापाची ही पोस्ट नाही. माझ्या भावना इतक्या नाजूक असत्या तर मी घराबाहेरच पडलो नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रशासनाला आंधळं म्हणणं ही चुकीची माहिती आहे. आणि त्या चुकीच्या माहितीचा फायदा प्रशासनाला होतो, तोटा आम्हाला.

कसं ते सांगतो.

इंग्रजीतला ब्लाइंड हा शब्द एक असला तरी कामं तीन करतो. पहिलं काम सरळ: ज्याला दिसत नाही तो ब्लाइंड. दुसरं काम म्हणजे जिथे पुढचं दिसू शकत नाही किंवा मुद्दाम दिसू दिलं जात नाही, ती जागा किंवा ती सोय ब्लाइंड. घाटातला ब्लाइंड टर्न घ्या. वळणाला कुठे डोळे असतात? डोळे तुम्हाला आहेत, पण मध्ये डोंगर आलाय. खिडकीवरचे ब्लाइंड्स तेच. ऑफिसच्या ईमेलमधलं बीसीसी, म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी, तेच: तिसऱ्या कुणाला प्रत गेली हे बाकीच्यांना कळू द्यायचं नाही. नवीन औषधाची डबल ब्लाइंड चाचणी असते. त्यात खरं औषध कुणाला आणि नुसती साखरेची गोळी कुणाला, हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही. तो प्रामाणिकपणाचा उपाय आहे. गंमत म्हणजे डोळ्यांच्या औषधांच्या चाचण्या लिहिताना बरेच संशोधक ब्लाइंड न म्हणता मास्क्ड, म्हणजे झाकलेली, असं म्हणतात. कारण तिथे कोण आंधळं होणार याचीच चाचणी चाललेली असते, घोटाळा नको. बघा, जिथे शब्द चुकला तर नुकसान होतं तिथे माणसं बरोबर शब्द शोधतात.

तिसरं काम मात्र भानगडीचं आहे. ज्याला स्वच्छ दिसतंय पण बघायचं नाहीये, त्यालाही इंग्रजी ब्लाइंडच म्हणते. ब्लाइंड सपोर्ट, ब्लाइंड फेथ, आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे टर्निंग अ ब्लाइंड आय. या शेवटच्या वाक्प्रचाराशी एक गोष्ट जोडतात. नेल्सन नावाचा इंग्रजांचा आरमारी सेनापती. १७९४ साली कॉर्सिका बेटावरच्या लढाईत त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे १८०१ मध्ये कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांनी माघारीचा झेंडा दाखवला. तेव्हा याने म्हणे दुर्बीण त्या गेलेल्या डोळ्याला लावली आणि म्हणाला, मला काही इशारा दिसत नाही. लढला, जिंकला, हिरो झाला.

आता या गोष्टीत आंधळ्या डोळ्याने काय केलं? काहीच नाही. तो बिचारा दिसत नसल्यामुळे गप्प होता. सगळी लबाडी दुसऱ्या, धडधाकट डोळ्याची. इशारा काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय दुर्बीण नेमकी चुकीच्या डोळ्याला कशी लावणार? पण नाव बदनाम झालं ते आंधळ्या डोळ्याचं. दोनशेहून जास्त वर्षं जगभर हेच चाललंय.

आणि आपण मराठी माणसं हेच उचलतोय, याचं मला खरं वाईट वाटतं. कारण आपल्या भाषेत या तिसऱ्या कामासाठी वेगळे, नेमके, धारदार शब्द आहेत. डोळेझाक. कानाडोळा. झापडं लावणं. डोळ्यांवर कातडं ओढणं. झोपेचं सोंग घेणं. या प्रत्येक शब्दात एक गोष्ट गृहीत आहे की माणसाला डोळे आहेत, दिसतंय, आणि तो ते मुद्दाम झाकतोय. म्हणजे शब्दातच आरोपपत्र आहे. "प्रशासनाने डोळेझाक केली" म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुणी केली, कधी केली, कशासाठी केली, बदल्यात काय मिळालं? आणि "प्रशासन आंधळं आहे" म्हटलं की? की मग काय, बिचारं आंधळं आहे, त्याला दिसत नाही, त्याचा काय दोष. विषय संपला.

म्हणून म्हणतो की उगाच सूट देऊ नका. तो चेंबर किती दिवस उघडा आहे हे पालिकेत माहीत आहे. तक्रारींचे अर्ज आहेत, त्यांवर आवक क्रमांक आहेत, फोटो आहेत. त्या रस्त्यावरून साहेबांची गाडी रोज जाते आणि ड्रायव्हर चेंबरला वळसा घालून जातो. आंधळा वळसा घालत नाही हो, तो पडतो. जो वळसा घालतो त्याला दिसलेलं असतं.

महाभारताचंच बघा. धृतराष्ट्राचं उदाहरण देऊन आपण "आंधळं पुत्रप्रेम" म्हणतो. पण धृतराष्ट्राला माहिती कमी नव्हती. विदुर कानीकपाळी ओरडून सांगत होता. युद्धाचं धावतं वर्णन ऐकवायला संजय बसला होता, आणि त्या काळात अशी सोय दुसऱ्या कुणाला होती? त्याचं चुकलं ते पोरापुढे मान डोलावण्यात. द्रौपदीची विटंबना झाली त्या सभेत भीष्म होते, द्रोण होते, सगळे डोळस. त्यांनी काय दिवे लावले? एका आंधळ्याच्या नावावर बिल फाडून डोळस मंडळी सुटली, ती आजतागायत.

आता काही जण म्हणतील, म्हणी-वाक्प्रचारही रद्द करायचे का? आंधळी कोशिंबीर खेळायची नाही का? खेळा की. मीही खेळलोय, आणि दोस्तांची तक्रार असायची की याच्यावर राज्य आलं की याला काही फरकच पडत नाही. म्हणींनाही माझी ना नाही. "आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं" ही तर माझी आवडती म्हण. नीट ऐका ती: त्या अख्ख्या म्हणीत काम करणारा एकटा आंधळाच आहे. कुत्र्याला हाकलायचं काम ज्या डोळसांचं होतं ते कुठे होते, हे म्हण सांगत नाही.

अंधश्रद्धा हा शब्द बदला, असंही मी म्हणणार नाही. त्या शब्दाने महाराष्ट्रात मोठं काम उभं राहिलंय, त्याच्यासाठी डॉ. दाभोलकरांसारख्या माणसाने जीव दिलाय. फक्त एक गोष्ट नोंदवतो. पांढरी काठी घेऊन चालणारा माणूस काठी टेकवून खात्री केल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही. रोज, प्रत्येक पावलाला पुरावा मागतो. न तपासता झेप घेणारे सगळे डोळसच बघितलेत मी.

आणि राजकारणातले ते "अंधभक्त". हा शब्द आज सगळ्याच बाजूंनी एकमेकांवर फेकला जातो, म्हणून कुठल्याच पक्षाच्या मित्रांनी अंगाला लावून घेऊ नये. ज्याला नेत्याची चूक दिसते आणि तरी कॉमेंटमध्ये तो तिचं समर्थन करत बसतो, त्याची नजर एकदम तेज असते. कुठे डोळे मिटायचे हे त्याला बरोबर कळतं.

इथवर भाषेचं झालं. आता पोटाचं बोलू, कारण शब्द फ्लेक्सवर राहत नाहीत, ऑफिसच्या खिडकीत येऊन बसतात.

ब्लाइंड म्हणजे ज्याला काही कळत नाही, समज नाही, भरवसा ठेवता येत नाही. असं हजारदा कानावर पडलं की खिडकीमागचा माणूस तेच खरं धरतो. मला एका बँकेत चेकबुक नाकारलं. "सोबत कुणीतरी डोळस माणूस घेऊन या." मी पैसे मोजू शकतो, सही करू शकतो, खातं माझं, पगार माझा. रिझर्व्ह बँकेने २००८ साली सगळ्या बँकांना कळवलंय की केवळ दृष्टी नाही म्हणून चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर नाकारता येणार नाही. ते परिपत्रक मी मोबाइलवरून वाचून दाखवलं. त्यावर उत्तर काय मिळालं? "तुम्हाला तर दिसतंय की! मग अपंगाचं कार्ड कसलं?"

म्हणजे दिसत नाही म्हणून चेकबुक नाही, आणि मोबाइल वाचला म्हणून कार्ड खोटं. दोन्हीकडून मार.

म्हणून कायद्यातला ब्लाइंड काय आहे ते एकदा समजून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तीन कसोट्या आहेत, आणि तिन्ही चष्मा वगैरे उपाय करून झाल्यावरच्या. एक, अजिबात दिसत नाही. दोन, चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी. म्हणजे निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवर येऊनही धड दिसत नाही. तीन, नजरेचा घेर दहा अंशांपेक्षा कमी. हा दहा अंश म्हणजे किती? हात समोर ताठ धरा आणि मूठ वळा. ती मूठ जेवढी जागा झाकते, साधारण तेवढा. निरोगी माणसाचा दोन्ही डोळ्यांचा मिळून घेर १८० अंशांच्या आसपास असतो.

मी तिसऱ्या कसोटीतला. डोळ्याचा पडदा कडेकडेने निकामी होत गेला. सुरुवात रातांधळेपणाने झाली, आता उरलीय ती नळीतून बघितल्यासारखी नजर. त्या नळीत मोबाइलवरचं अक्षर येतं, मी वाचतो. पण पायापाशी ठेवलेलं स्टूल येत नाही, बाजूने येणारी रिक्षा येत नाही, चेंबर तर येतच नाही. म्हणून माझ्या हातात एकाच वेळी मोबाइल आणि पांढरी काठी असते. यात नाटक नाही, भूमिती आहे.

ब्लाइंड म्हणजे सगळा काळोख, हा समज सिनेमावाल्यांनी पसरवलाय. कायद्याने अंध ठरलेल्या कितीतरी माणसांना थोडा उजेड, थोडे आकार, थोडं काहीतरी दिसतं. अंधांच्या क्रिकेटमध्ये हे किती स्वच्छ मांडलंय बघा. बी-वन, बी-टू, बी-थ्री असे तीन गट. संघात तिन्ही गटांचे खेळाडू, बी-वन म्हणजे जवळपास पूर्ण अंध किमान चार. बी-वन खेळाडूने काढलेल्या धावा दुप्पट धरतात. चेंडूत छर्रे असतात, तो आवाज करत येतो. तिथे कुणी कुणाला "तू खरा आंधळा की खोटा" असं विचारत नाही. आधी मोजमाप, मग नियम, मग खेळ.

आपल्याकडे मोजमापाचीही गंमत आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालतो. त्यात २०१७ पर्यंत अंध कुणाला म्हणायचं त्याची रेषा ६/६० वर होती, नंतर जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे ती ३/६० केली. जगाशी तुलना करता यावी हे कारण चांगलं आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की रेषेच्या मधली माणसं एका दिवसात या कार्यक्रमाच्या अंधांच्या मोजणीतून बाहेर गेली. नजर तीच, आकडा वेगळा. म्हणून "देशातलं अंधत्व इतकं कमी झालं" असा दावा कुणी केला की आधी विचारा, कुठल्या रेषेने मोजलंत?

२०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून जे रान उठलं ते तुम्हाला आठवत असेल. बोगस प्रमाणपत्रवाले शोधायलाच हवेत, ते आमच्याच ताटातलं खातात. नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांमधला अंध आणि अल्पदृष्टी मिळून आमचा वाटा एक टक्का. त्यातला घास कुणी पळवला तर आमच्याइतकं कुणाला लागणार? पण तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरने यंत्रावर करायची असते. एसटीत शेजारी बसलेल्याने "मोबाइल बघतोय म्हणजे खोटा" असं ठरवणं ही तपासणी नव्हे.

आता न्यायदेवतेकडे या, कारण तिथेच या शब्दाचं सगळ्यात मोठं ढोंग आहे. "न्यायदेवता आंधळी असते" हे आपण कौतुकाने म्हणतो. मुळात ती आंधळी नाहीच, तिच्या डोळ्यांवर पट्टी आहे. पट्टी डोळस माणसाच्या डोळ्यांवर बांधतात, आंधळ्याला तिची गरज काय? आणि ती पट्टीही आधी चेष्टेत आलेली. १४९४ साली छापलेल्या एका जर्मन पुस्तकातल्या चित्रात एक मूर्ख माणूस न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधताना दाखवलाय. नंतर तीच पट्टी निःपक्षपातीपणाची खूण झाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली की सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेचा नवा पुतळा बसवलाय: डोळे उघडे, हातात तलवारीऐवजी संविधान. टाळ्या वाजल्या, मीम्स झाली.

पण त्याच काळात मध्य प्रदेशात न्यायाधीश भरतीचा नियम असा होता की दृष्टिबाधित उमेदवार चालणार नाही. म्हणजे देवता आंधळी असलेली चालते, न्यायाधीश नाही. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ ला रद्द केला आणि सांगितलं की केवळ अपंगत्वामुळे कुणाला न्यायिक सेवेतून बाहेर ठेवता येणार नाही. पुढच्याच महिन्यात, ३० एप्रिलला, दुसरा निकाल आला. मोबाइलवर केवायसी करताना "डोळे मिचकावा" म्हणणारी यंत्रणा ज्यांना ते जमत नाही त्यांचं काय, असा प्रश्न होता. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक अंध वकील कोर्टात गेले होते. कोर्ट म्हणालं, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे दोन्ही निकाल आमच्यासाठी कुठल्याही गोड नावापेक्षा मोठे आहेत.

गोड नावावरून आठवलं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये दिव्यांग हा शब्द सुचवला आणि बघता बघता सगळ्या पाट्या बदलल्या. आधी आंधळा, मग अंध, मग दृष्टिहीन, मग दृष्टिबाधित, आता दिव्यांग. शब्द सुचवणाऱ्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण पाटी बदलायला रंग लागतो आणि पायरीचा उतार करायला निधी लागतो. रंग लगेच मिळतो. अमेरिकेत अंधांची एक मोठी संघटना आहे. तिने १९९३ मध्ये ठराव करून सांगितलं की आम्हाला लांबलचक सभ्य नावं नकोत, ब्लाइंड म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या मुंबईतल्या १९५२ सालच्या जुन्या संस्थेच्या नावातही ब्लाइंड हा शब्द अजून ताठ मानेने उभा आहे. मलाही अंध म्हणा, चालेल. वाईट शब्द नाहीये तो. वाईट झालाय तो त्याला आळशी, लबाड आणि बेफिकीर लोकांच्या पंगतीत बसवल्यामुळे.

शेवटी आपल्या गावाचं. स्टेशन रोडच्या नव्या फुटपाथवर त्या पिवळ्या, उठावाच्या फरश्या बसवल्यात, पाहिल्या असतील. बऱ्याच जणांना ती नक्षी वाटते. ती आमची लिपी आहे. उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे वळण किंवा रस्ता आहे. जपानमध्ये १९६७ साली त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या आणि तिथून जगभर गेल्या. आपल्याकडे ठेकेदाराने रेघांची ओळ सरळ डीपीच्या खांबावर नेऊन सोडलीय. जिथे चौक आहे तिथे ठिपकेच नाहीत. पुढे टपरीने अर्धी ओळ खाल्लीय. हे बिल मंजूर करताना कुणीतरी जागेवर येऊन "काम समाधानकारक" असं लिहून सही केली असेल. ती सही करणारा आंधळा नव्हता. आंधळा असता तर काठीने तपासून त्याने ते बिल तिथल्या तिथे परत पाठवलं असतं.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. एक: पुढचा फ्लेक्स छापताना "डोळेझाक करणाऱ्या प्रशासनाचा निषेध" असं छापा, आणि खाली डोळेझाक कुठल्या तारखेच्या कुठल्या अर्जाकडे झाली तेही छापा. दोन: त्या फरश्यांचं काम कुणी तपासलं, हे माहितीच्या अधिकारात विचारणारा अर्ज मी सोमवारी देतोय. सोबत यायचं असेल त्यांनी सकाळी अकराला पालिकेच्या दारात यावं. तीन: पांढरी काठीवाला माणूस मोबाइल बघताना दिसला तर संशय घेऊ नका. फार वाटलं तर त्याच्या वाटेतली तुमची बाइक बाजूला घ्या.

कॉमेंटमध्ये भांडायला मोकळीक आहे. फोन मला मोठ्याने वाचून दाखवतो, त्यामुळे सगळ्यांचं ऐकून घेईन. शेअर करायची तर खुशाल करा, परवानगी विचारू नका.